विचारलंस म्हणून सांगतो

मंगळवारी मेधा सोमण सिडनीतल्या टूनगॅबीच्या घरामागे चादरी वाळत घालत होती, तेव्हा फोन आला.

"मराठी दुभाषी हवीय. पोलीस स्टेशनला. आत्ताच्या आत्ता," एजन्सीची मुलगी म्हणाली.

"प्रकरण काय आहे?"

"मृत्यू. स्कोफिल्ड्सला एका बांधकामावर. बायकोचा जबाब घ्यायचाय."

मेधानं ओली चादर बादलीत टाकली आणि गाडीची किल्ली उचलली. अशा कामाला उशिरा जाऊ नये, एवढं ती इतक्या वर्षांत शिकली होती.

दुभाष्याचे नियम सांगायला सोपे आणि पाळायला महाकठीण. ऐकलेलं सगळं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्या खुर्चीत बसून मेधा आजवर बायकोला मारणारा नवरा झाली होती, मार खाणारी बायकोही झाली होती, आणि संध्याकाळी घरी येऊन तिनं निमूटपणे कुकर लावला होता. स्वतःचं 'मी' तिनं त्या खोलीत कधी उच्चारलं नव्हतं.

स्टेशनच्या बाहेरच्या बाकावर प्रताप इनामदार बसला होता. त्याला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. घरं बांधायचा धंदा, वीस वर्षं सिडनीत, गणपतीच्या मांडवापासून स्मशानापर्यंत सगळीकडे हा पुढे. कुणावर प्रसंग आला की प्रतापदादा धावून येतात, अशी त्याची ख्याती. आजही तो धावून आला होता. मेलेला यतीन बिवलकर त्याच्याच साइटवरचा इंजिनियर. पुण्याहून त्याला आणलं प्रतापनं आणि व्हिसाही त्याच्याच कंपनीच्या जोरावर.

आत रुचा बसली होती. यतीनची बायको, सत्तावीस-अठ्ठावीसची. पुण्यात एम.कॉम. झालेली. इंग्रजी तिला येत होतं, पण इथलं इंग्रजी काही केल्या पकडीत येत नव्हतं. दुपारला आर्व्हो म्हणतात, चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात, आणि 'येह्, नाह' असं एका दमात म्हटलं की उत्तर नकारार्थी असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार महिन्यांत ती एकटीनं दुकानात जायचीही थांबली होती. आज तर मराठी शब्दही तिच्या तोंडून कसेबसे निघत होते.

डिटेक्टिव्ह लॉरेन ब्रॅडी इंग्रजीत विचारत होती. मेधा मराठीत सांगत होती. खुर्चीत असेपर्यंत ती रुचाला 'तुम्ही' म्हणणार होती.

"शुक्रवारबद्दल सांगा. सकाळी काय झालं?"

रुचा टेबलाकडे बघत म्हणाली,

"मी त्याच्यावर ओरडले."

"कशावरून?"

"इथं लोक विचारतात ना, हाऊ यू गोइंग? बसचा ड्रायव्हर, दुकानातली मुलगी, कुणीही. त्यांना उत्तर नको असतं. 'गुड, थँक्स' म्हणायचं आणि चालू पडायचं. हा उभा राहून सगळं सांगायचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझी ड्रायव्हिंगची टेस्ट, आमटी खारट झाली ते. मागे रांग लागायची. मी कोपर मारलं तरी थांबायचा नाही. म्हणायचा, अगं, विचारलंय त्यांनी. मग सांगायला नको?"

"मग शुक्रवारी काय झालं?"

"आदल्या दिवशी त्यानं समोरच्या बाईला सांगितलं होतं की माझी बायको रोज रडते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी मी त्याला म्हटलं, आजपासून तोंड बंद. कुणीही विचारलं तर 'गुड, थँक्स', एवढंच. तो हो म्हणाला." तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "मी त्याचं तोंड बंद केलं, काकू. सासूबाई फोनवर म्हणाल्या, तूच मारलंस त्याला. खरंच आहे ते."

हे सगळं, 'काकू'सकट, मेधानं इंग्रजीत सांगितलं.

"त्यानंतर तो परत घरी आला?"

"जेवायला आला. सकाळी कामावर त्याच्या बुटाचा तळ निघाला होता. घरी नवे होते, ते खोक्यातून काढून घातले. गॅलरीच्या कामाचं दादांशी बोलायचंय, असं काहीतरी म्हणाला."

"कोण दादा?"

"प्रतापदादा. बाहेर बसलेत ते."

"कधी बोलायचं होतं?"

"मी नाही विचारलं. अजून रागातच होते मी."

"तो गेला कसा?"

"चालत. कोपऱ्यावर बॅरीचं घर, मग बाग, बागेपलीकडे साइट. बॅरी म्हणजे एक म्हातारा आहे, गॅरेजचं शटर उघडं टाकून खुर्चीत बसलेला असतो. जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक मारतो. यतीनचा दोस्त. शनिवारपासून त्याचं शटर बंद आहे."

लॉरेननं मान हलवली. त्या दारावर पोलीस जाऊन आले होते. कुणी उघडलं नव्हतं.

"संध्याकाळी तो आला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"त्याला फोन लावला. उचलला नाही. अंधार पडायला लागला तेव्हा दादांना केला. ते म्हणाले, शुक्रवार आहे, मुलांबरोबर बसला असेल कुठेतरी. येईल. नो वरीज, रुचा, म्हणाले."

यतीन आला नाही. शनिवारी सकाळी सुतार कामावर आले, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गॅलरीखाली, ड्रेनेजसाठी खणलेल्या चरात तो पडला होता. वरून प्लायच्या फळ्या पडलेल्या. सुतारांना फक्त पिवळ्या जॅकेटची बाही दिसली आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं.

त्यानं उडी मारली का? लॉरेननं तसं विचारलं नाही. पण नवरा निराश होता का, झोपायचा का, कधी मरणाबद्दल बोलला का, हे तिनं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला रुचा आणखी लहान होत गेली. शेवटी म्हणाली, "मला काही माहीत नाही. मी त्याला बोलू दिलं नाही, एवढंच माहीत आहे."

जबाब संपल्यावर मेधा बाहेर आली. प्रताप बाकावरून उठला.

"मेधाताई, फार वाईट झालं हो."

"मला यावर बोलता येणार नाही."

"बोलू नका. ऐका फक्त." त्यानं आवाज खाली आणला. "पोरगा आतल्या आत कुढत होता. मनातलं कुणाला म्हणून सांगायचा नाही. मी रोज विचारायचो, हाऊ यू गोइंग, यतीन? 'गुड, थँक्स.' बस्स. महिनाभर हेच ऐकतोय. शुक्रवारी स्मोकोला विचारलं, तेव्हाही तेच. तीच शेवटची भेट. मी मग घरी गेलो, दिवसभर मागचं गवत कापत होतो. घरात बायकोची रडारड, इकडे कामाचं टेन्शन. कळायला हवं होतं मला."

मेधानं पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"पण मी म्हणतो, कशाला त्या पोरीच्या कपाळी ते लावायचं? अपघात म्हणू द्या. कोऱ्या बुटांचे तळ कडक असतात, फळीवर धूळ, गेला पाय. कोण नाही म्हणणार? तुम्ही पोलिसांना जरा सुचवा. तुमचं ऐकतील."

नियम होता की पक्षकारांशी बोलायचं नाही. मेधानं त्या दिवशी तो पहिल्यांदा मोडला.

"तुम्ही पाहिलंत का त्याला? नंतर?"

"छे हो! मी पोचलो तोवर पोलिसांनी पट्ट्या लावल्या होत्या. आणि खरं सांगू का, धीरही झाला नाही."

मेधा गाडीपाशी गेली. किल्ली हातात धरून उभी राहिली. दोन गोष्टी तिला सलत होत्या, एक छोटी आणि एक मोठी. तिचं काम संपलं होतं. आता घरी जाऊन चादरी वाळत घालायच्या, एवढंच बाकी होतं. आणि आत एक मुलगी जन्मभर स्वतःला खुनी समजणार होती. मेधाला त्या मुलीची दया आली आणि आपल्या नियमांचा संताप आला.

ती परत आत गेली.

"लॉरेन, संस्कृतीतल्या फरकामुळे गैरसमज होत असेल, तर दुभाष्याला खुलासा करता येतो. तो मला करायचाय," ती म्हणाली. "आणि दुसरं जे सांगायचंय ते नियमात बसत नाही."

लॉरेननं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं दार उघडलं, तेव्हा तिच्या कॉफीवर साय धरली होती.

"त्या बॅरीला शोधा," मेधा निघताना म्हणाली. "तो कुठेही असू दे."

गुरुवारी पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली. या वेळी रुचाशेजारी प्रतापही होता. घरचं वडीलधारं माणूस म्हणून त्यालाही आत बसवलं होतं. त्याचा हात रुचाच्या खुर्चीच्या पाठीवर होता. नियमात ते कसं बसत होतं, मेधानं विचारलं नाही. टेबलावर लॉरेनचा फोन होता.

"बॅरी सापडलाय. शनिवारी पहाटेच कॅराव्हॅन घेऊन उत्तरेकडे निघाला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं," लॉरेन म्हणाली. "मेधा, शब्दन् शब्द सांगा."

फोनमधून कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. मग एक जाड, खरखरीत आवाज. बॅरी दोन वाक्यं बोले, थांबे, आणि मेधा ती मराठीत म्हणे.

"मी बॅरी. शुक्रवारी दुपारी जेवणानंतर यतीन माझ्या दारावरून गेला. मी विचारलं, कसं काय, मेट?"

रुचानं डोळे मिटले.

"तो थांबला. म्हणाला, बॅरी, बायकोनं आज सकाळी सांगितलंय, कुणी विचारलं तर फक्त 'गुड, थँक्स' म्हणायचं. सोमवारपासून नक्की म्हणणार आहे. पण आता तू विचारलंस म्हणून सांगतो. आज बरं नाही चाललेलं. नवे बूट चावतायत, आणि माझ्या पोटात गोळा आलाय."

मेधाचा आवाज सपाट होता. तिनं तो तसा धरून ठेवला होता.

"तो म्हणाला, त्या वरच्या गॅलरीत लोखंडाच्या सळया चुकीच्या जागी टाकल्यायत. वर हव्यात, त्या खाली आहेत. मला न दाखवता काँक्रीट ओतलं. लहान मुलांचं कुटुंब राहायला येणार आहे तिथं. पाडावी लागेल. सगळे कामगार गेले की बॉस मला भेटायला साइटवर येतोय. त्याला सांगायचंय, की नाही पाडलीत तर सोमवारी मी तपासनिसाला सांगीन. बॉस मला थोरल्या भावासारखा आहे. त्यानंच मला इथं आणलं. म्हणून भीती वाटतेय."

प्रतापचा हात खुर्चीवरून खाली आला.

"मी त्याला म्हटलं, शी'ल बी राइट, मेट. आम्ही म्हणतो तसं. सगळं ठीक होईल. तर त्यानं विचारलं, शी म्हणजे कोण? माझी बायको?" बॅरीचा आवाज अडखळला, म्हणून मेधाही थांबली. "मी हसलो. म्हटलं, हो, तीसुद्धा. तो म्हणाला, ती रडते रोज, पण बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं. मग गेला."

फोनमध्ये कुत्रं भुंकत राहिलं. लॉरेननं बॅरीचे आभार मानून फोन बंद केला.

"मिस्टर इनामदार, शुक्रवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. सांगितलंय मी." प्रताप हसला. "हा म्हातारा दिवसभर गॅरेजमध्ये बिअर पीत बसतो. काहीही सांगेल. आणि यतीन असलं परक्या माणसाला सांगेल? तो अतिशय अबोल होता."

लॉरेन मेधाकडे वळली. "मंगळवारी मला जे सांगितलंत, ते आता इथं सांगा. मराठीत सांगा, रुचाला कळू दे. हे रेकॉर्ड होतंय."

मेधानं पाण्याचा घोट घेतला.

"आता मी बोलतेय," ती म्हणाली. "मी म्हणजे मेधा."

तिनं प्रतापकडे पाहिलं.

"प्रतापराव, मंगळवारी तुम्ही मला म्हणालात, यतीन मनातलं कुणाला सांगायचा नाही. रोज 'गुड, थँक्स' म्हणायचा, महिनाभर. थोड्याच वेळापूर्वी त्याच्या बायकोनं आत बसून सांगितलं होतं, की तो ते दोन शब्द कधीच म्हणत नाही. त्यावरूनच तर भांडण झालं होतं. बसच्या ड्रायव्हरला जो आईच्या गुडघ्याचं सांगतो, तो थोरल्या भावाला महिनाभर 'गुड, थँक्स' म्हणेल?"

"घरी एक असतं, कामावर एक असतं."

"असू शकतं. म्हणून मी नुसती खोटेपणाची शंका घेतली. पण तुमचं का चुकलं, तेही मला कळलं. तुम्हाला एक दुःखी माणूस रंगवायचा होता, आणि तुम्ही इथला दुःखी माणूस रंगवलात. इथं माणूस आतून मोडला तरी 'गुड, थँक्स' म्हणतो. तुम्ही म्हणता, मी म्हणते. वीस वर्षांत आपल्याला ते अंगवळणी पडलंय. यतीनला चारच महिने झाले होते. त्याला अजून वाटत होतं, की विचारणाऱ्याला खरंच ऐकायचं असतं."

रुचाच्या तोंडून एक आवाज निघाला. मेधा थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"मग मला वाटलं, त्याच्या पोटात काही असेल, तर ते त्यानं त्या दुपारीही सांगितलं असणार. ज्यानं विचारलं त्याला. वाटेत विचारणारा एकच होता, बॅरी. यतीननं बायकोचं ऐकलं असतं तर मात्र सगळं संपलं होतं. ती धाकधूक मला दोन दिवस होती."

"हा काय पुरावा झाला?"

"नाही. पुरावा तुम्हीच दिलात. कोऱ्या बुटांचे तळ कडक असतात, म्हणालात. सकाळी स्मोकोला तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत, तेव्हा त्याच्या पायात जुने बूट होते. नवे त्यानं जेवायला घरी आल्यावर घातले. नंतर तुम्ही त्याला पाहिलंच नाही, असं तुमचंच म्हणणं. सुतारांना फक्त जॅकेटची बाही दिसली. मग ते बूट तुम्ही कुठे पाहिलेत?"

लॉरेननं एक फोटो टेबलावर सरकवला. बागेजवळच्या, गिऱ्हाइकांना दाखवायच्या नमुना-घराच्या कॅमेऱ्यातला. शुक्रवारची दुपार, कामगारांच्या गाड्या निघून गेलेल्या, आणि साइटकडे वळणारी प्रतापची पांढरी गाडी. बॅरीचं ऐकल्यावर तिनं तो शोधून काढला होता.

प्रतापनं तो फोटो जवळ ओढला.

"मी आणलं त्याला इथं," शेवटी तो मराठीतच म्हणाला. "माझ्या घरी जेवला तो. आणि मलाच म्हणतो, पाडा. एक गॅलरी पाडली की सगळी घरं तपासतील. वीस वर्षांचं नाव गेलं असतं. मी फक्त धक्का दिला. बाजूला हो म्हणून. कठडा नव्हता. ढकलायचं नव्हतं मला."

मेधा पुन्हा दुभाषी झाली. तिनं ते इंग्रजीत सांगितलं. तिच्या तोंडून आलं, 'मी फक्त धक्का दिला,' आणि तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

"फळ्या कुणी टाकल्या?" लॉरेननं विचारलं.

प्रतापनं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला.

लॉरेन पुढचं हळू बोलली. बोलून झाल्यावर तिनं मेधाकडे पाहिलं. मेधाला वाटलं, हे एक वाक्य गाळावं. आयुष्यात एकदा गाळावं. पण रुचा तिच्याकडेच बघत होती आणि तिला सगळं ऐकायचं होतं.

"शवचिकित्सेचा अहवाल आलाय," मेधानं सांगितलं. "पडल्याबरोबर यतीन गेला नाही. रात्र पडेपर्यंत त्याचा श्वास चालू होता. संध्याकाळी तुम्ही मिस्टर इनामदारांना फोन केलात, तेव्हा तो जिवंत होता."

रुचा सावकाश प्रतापकडे वळली.

"नो वरीज, म्हणालात तुम्ही मला," ती म्हणाली.

प्रतापला दोघा शिपायांनी उठवलं. बाहेर जाताना सवयीनं त्यानं दार धरलं, मागून येणाऱ्या बाईसाठी. मग हात मागे घेतला.

सगळ्या सह्या होईपर्यंत दुपार कलली. मेधानं रुचाला कोट दिला. खुर्ची सुटली होती, आता 'तू' म्हणता येत होतं.

"चल. सासूबाईंना मी फोन करते. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगते."

"सगळे सांगा," रुचा म्हणाली. "माझं बरोबर असतं म्हणाला, तेही. मीच चुकले होते, काकू. मी त्याला गप्प बसायला सांगितलं, आणि त्यानं ऐकलं नाही म्हणून खरं बाहेर आलं." मेधानं तिला जवळ घेतलं आणि दोघी तिथंच व्हरांड्यात रडल्या.

बाहेरच्या काउंटरवर एक तरुण पोलीस बसला होता. त्याला आतलं काही माहीत नव्हतं. पाहुण्यांचा बिल्ला परत घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि सवयीनं म्हणाला, "हाऊ यू गोइंग?"

रुचाचे ओठ हलले. 'गुड' तोंडाशी आलं होतं, मेधानं ते पाहिलं.

रुचानं बिल्ला काउंटरवर ठेवला. आणि आपल्या पुणेरी इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत, ती म्हणाली, "बरं नाही चाललेलं. माझा नवरा मारला गेला. त्याचं नाव यतीन होतं."

पोलिसाचा हात तसाच राहिला. मग तो उठून उभा राहिला, काउंटरला वळसा घालून बाहेर आला, आणि त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

रुचा बसली आणि सांगू लागली. मेधा बाजूला उभी राहिली. दुभाष्याची गरज नव्हती.